मुलाच्या कमाईवर चालणारे घर : 'मॅप्स टू द स्टार्स'

लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर पर्यटकांना नकाशे विकले जातात आणि कोणत्या नटाचा बंगला कोणत्या गल्लीत आहे एवढेच त्यांत दाखवलेले असते. नकाशा घेऊन माणूस त्या गल्लीत जातो, उंच कुंपण आणि बंद फाटक पाहतो, फाटकाचा फोटो काढतो आणि परत येतो. डेव्हिड क्रोननबर्ग यांचा २०१४ सालचा 'मॅप्स टू द स्टार्स' हा चित्रपट त्या फाटकाच्या आत शिरतो. हॉलिवूडची टिंगल करणारा काळा विनोदी चित्रपट अशी त्याची ओळख सगळीकडे करून दिली जाते आणि ती खोटी नाही, पण अपुरी आहे. त्यातली टिंगल मला मध्यम प्रतीची वाटली. मात्र एका मुलाच्या कमाईवर चालणाऱ्या घराचे जे चित्र त्यात आहे, ते इतके अचूक आणि इतके निर्दय आहे की, ठाण्यात बसून पाहतानाही ते परक्या देशातले वाटत नाही.

कथानक तीन-चार धाग्यांचे आहे. अगाथा नावाची अठरा वर्षांची मुलगी बसने लॉस एंजेलिसला येते. ती फ्लोरिडातल्या ज्युपिटर नावाच्या गावाहून आलेली आहे. (पाचपाखाडीतल्या एका मित्राच्या घरी पडद्यावर प्रोजेक्टर लावून आम्ही काही जणांनी हा चित्रपट पाहिला, तेव्हा ठाणेकरांना ज्युपिटर म्हटल्यावर जे रुग्णालय आठवते ते आठवून पहिल्या पाच मिनिटांतच हशा पिकला, पुढे फारसा पिकला नाही.) तिच्या चेहऱ्यावर भाजल्याचे व्रण आहेत आणि हातांत कोपरापर्यंतचे काळे मोजे आहेत. ती भाड्याने लिमोझिन घेते आणि जळून गेलेल्या एका घराची जागा पाहायला जाते. दुसरीकडे वाइस कुटुंब आहे. वडील स्टॅफर्ड टीव्हीवरून लोकांना मनःशांतीचे उपाय सांगतात आणि श्रीमंत रुग्णांना मालिश करता करता त्यांच्या बालपणीच्या जखमा उकरतात. आई क्रिस्टिना धाकट्या मुलाचे व्यवहार सांभाळते. तो मुलगा, बेंजी, तेरा वर्षांचा असून एका यशस्वी विनोदी चित्रपटाचा नायक आहे आणि व्यसनमुक्ती केंद्रातून नुकताच बाहेर आलेला आहे. तिसरीकडे हवाना सेग्रँड ही उतरणीला लागलेली अभिनेत्री आहे. तिची आई तिच्याहून मोठी तारका होती आणि आगीत मरण पावली. त्याच आईच्या जुन्या चित्रपटाची नवी आवृत्ती निघते आहे आणि हवानाला त्यात आईचीच भूमिका हवी आहे. अगाथा हवानाकडे मदतनीस म्हणून नोकरीला लागते. ती वाइस दांपत्याची दुरावलेली मुलगी आहे, हे चित्रपट बऱ्यापैकी लवकर सांगून टाकतो, म्हणून मीही सांगतो. त्याच्या पलीकडे या कुटुंबाचे जे गुपित आहे ते येथे लिहीत नाही.

चित्रपटाचा गाभा मला एका साध्या बैठकीच्या दृश्यात सापडला. बेंजी आणि त्याची आई निर्मिती संस्थेच्या अधिकाऱ्यांसमोर बसलेले आहेत आणि पुढच्या चित्रपटासाठी मुलगा 'स्वच्छ' आहे याची त्यांना खात्री हवी आहे. तेरा वर्षांच्या मुलाच्या व्यसनाबद्दल बोलणे चालू आहे. पण त्या खोलीत कोणाच्याही तोंडी काळजीचा शब्द नाही. विमा, हमी, तपासण्या, मानधन, बस्स. आई मुलाच्या बाजूने बोलते, जोरात बोलते, आणि थोड्या वेळाने आपल्या लक्षात येते की ती त्याची आई म्हणून बोलतच नाही, ती त्याची एजंट म्हणून बोलते आहे. मुलालाही ते ठाऊक आहे. तो तिच्याशी नोकरदाराशी बोलावे तसे बोलतो, कारण व्यवहाराच्या हिशेबात ती त्याची नोकरदारच आहे. ऑलिव्हिया विल्यम्स यांनी ही आई फार ताणून धरलेल्या आवाजात उभी केली आहे. घरात एकटी असतानाही तिचा जबडा सैल पडत नाही. इव्हान बर्ड या मुलाने केलेला बेंजी उद्धट आहे, घाणेरडे बोलतो, आणि तरीही त्याचा राग येत नाही, कारण त्याच्या वयाचे दुसरे कोणतेही काम त्या घरात त्याला कोणी दिलेले नाही. चित्रपटाच्या सुरुवातीला तो इस्पितळात एका मरणासन्न मुलीला भेटायला जातो. भेट अर्थातच प्रसिद्धीसाठी ठरवलेली आहे. मुलीला नेमका कोणता आजार आहे हेही त्याला धड सांगितलेले नसते, आणि आपण चुकीच्या आजाराबद्दल बोललो हे कळल्यावर त्याचा सगळा संताप त्या चुकीवर निघतो, मुलीच्या मरणावर नव्हे. हीच मुलगी पुढे त्याला भुतासारखी दिसू लागते, आणि तिथून चित्रपटाचा रंग बदलतो.

चहासाठी थांबलो तेव्हा आमच्यातल्या एक ताई बोलल्या. त्यांच्या मुलीने लहानपणी घोडबंदर रोडवरच्या सेटवर एका मालिकेत काम केले होते. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे तेव्हा जेवणाची वेळसुद्धा कॉलटाइमवर, म्हणजे सेटवर हजर व्हायच्या वेळेवर, ठरायची, आणि तिला ताप आला की थर्मामीटर लावताना माझ्या मनात आधी उद्याचा सीन यायचा." कोणीतरी समजूत घालावी तसे म्हणाले, "पण ताई, तुम्ही वेळीच तिला बाहेर काढलंत ना?" त्यावर त्या म्हणाल्या, "मी नाही हो काढलं. मालिका बंद झाली." घोडबंदर पट्ट्यात मराठी मालिकांची चित्रीकरणे किती चालतात हे ठाणेकरांना सांगायला नको, स्पॉटदादा, मेकअपदादा, पॅकअप हे शब्द आता इथल्या बऱ्याच घरांत पाहुण्यांच्या गप्पांत येतात. ताईंच्या त्या दोन वाक्यांनंतर चित्रपटाचा उत्तरार्ध आम्ही जरा वेगळ्या नजरेने पाहिला.

कायद्याला हे सगळे माहीत नाही असे नव्हे. चॅप्लिनच्या मूकपटात गाजलेला जॅकी कूगन मोठा झाल्यावर त्याला कळले की, लहानपणी मिळवलेली बहुतेक कमाई आई आणि सावत्र वडिलांनी उडवली आहे. त्याने १९३८ साली खटला भरला, आणि १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात त्याच्याच नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. आज त्या कायद्यानुसार बालकलाकाराच्या मिळकतीचा १५ टक्के भाग त्याच्यासाठी बाजूला ठेवावा लागतो. आपल्याकडे बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ च्या नियमांत बालकलाकारांसाठी मर्यादा आल्या: दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि मिळकतीपैकी किमान २० टक्के रक्कम थेट मुलाच्या नावाने मुदत ठेवीत. हे नियम चांगलेच आहेत, पण त्यांचा विषय वेळ आणि पैसा एवढाच आहे. बेंजीच्या घरातला प्रश्न या दोहोंच्या पलीकडचा आहे. वाइस दांपत्याने मुलाचा पैसा चोरलेला नाही. त्याची कमाई सुरू झाल्यावर त्यांनी पालकपण सोडले, आणि ते परत मागण्याची तरतूद कोणत्याही नियमात करता येत नाही. चित्रपट हे एकाही भाषणाशिवाय दाखवतो, ही त्याची सर्वांत मोठी ताकद मला वाटते.

ज्युलियन मूर यांच्या हवानासाठी त्यांना २०१४ च्या कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका चित्रपटातल्या, स्मृती गमावत चाललेल्या प्राध्यापिकेच्या भूमिकेसाठी त्यांना पुढे ऑस्करही मिळाले. ती भूमिका सहानुभूती मागणारी होती. ही तशी नाही, आणि म्हणून अधिक कठीण आहे. हवाना केविलवाणी आहे, क्रूर आहे, पोरकट आहे, आणि हे तिन्ही गुण मूर कधी एकाच वाक्यात दाखवतात. बद्धकोष्ठाने बेजार होऊन ती शौचकुपावर बसल्या बसल्या अगाथाशी गप्पा मारते तेव्हा त्यात ओंगळपणापेक्षा मालकिणीची बेफिकिरी जास्त आहे: नोकराणीसमोर लाज बाळगायची असते हे तिच्या गावीही नाही. पण जो प्रसंग मला चित्रपट संपल्यावरही सोडेना तो वेगळा आहे. हवानाला हवी असलेली भूमिका दुसऱ्या अभिनेत्रीला मिळालेली असते. त्या अभिनेत्रीचा लहानगा मुलगा बुडून मरतो, ती चित्रपट सोडते आणि भूमिका हवानाकडे येते. बातमी ऐकताना हवाना आधी रीतसर हळहळते. मग जलतरण तलावाकाठी अगाथाचे हात धरून नाचू लागते आणि मैदानात हरलेल्या संघाला निरोप देताना अमेरिकन प्रेक्षक जे गाणे म्हणतात ते गाऊ लागते. मूर यांचा चेहरा त्या क्षणी खरोखरच आनंदी आहे. कुठेही 'पाहा, ही बाई किती दुष्ट' असा इशारा नाही, खलनायिकेचे हसू नाही. नोकरीत बढती मिळालेल्या माणसाचा आनंद असतो तसा आणि तेवढाच तो आनंद आहे. आमच्या खोलीत कोणीतरी हसले आणि लगेच गप्प झाले.

हवाना आणि तिच्या मृत आईचे नाते चित्रपटाने भुतांच्या द्वारे रंगवले आहे. सेरा गेडन यांनी साकारलेली ही आई तरुण, सुंदर आणि तुच्छतेने बोलणारी आहे. मुलगी पन्नाशीकडे झुकली तरी आई मात्र त्याच वयाची राहिली आहे, आणि मुलीला तिच्याशी स्पर्धा करायची आहे. या धाग्याला एक अनपेक्षित खोली अभिनेत्री कॅरी फिशर यांच्यामुळे येते. त्या येथे स्वतःच्याच नावाने, अगदी थोड्या वेळासाठी दिसतात आणि अगाथाला हवानाकडे काम मिळवून देतात. फिशर या जुन्या हॉलिवूडमधल्या तारका डेबी रेनॉल्ड्स यांच्या कन्या. प्रसिद्ध आईच्या सावलीत वाढण्याविषयी त्यांनी स्वतः कादंबरी लिहिली होती. २०१६ च्या डिसेंबरात फिशर गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या आईचे निधन झाले. चित्रपट तयार होताना हे कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण आज पाहताना ते दोन मिनिटांचे दृश्य हलकेफुलके राहत नाही.

मिया वासिकोव्स्का यांची अगाथा या सगळ्या गोंगाटात शांत आहे. ती हळू बोलते, नम्र असते, सांगितलेली कामे करते, आणि तिची ही नम्रताच अस्वस्थ करते, कारण ती येथे नोकरीसाठी आलेली नाही हे आपल्याला दिसत असते. तिने लहानपणी काहीतरी भयंकर केले आहे आणि त्याची भरपाई करायला ती आली आहे, असे तिचे म्हणणे. आईवडिलांना मात्र ती परत आली आहे एवढीच गोष्ट भयंकर वाटते. मुलीला घरात घ्यावे की नाही यापेक्षा तिच्या येण्याने मुलाच्या पुढच्या चित्रपटावर आणि वडिलांच्या पुस्तकावर काय परिणाम होईल, ही चिंता मोठी ठरते. अगाथाच्या, आणि हळूहळू इतरांच्याही, तोंडी पॉल एल्युआर यांची स्वातंत्र्यावरची फ्रेंच कविता सारखी येत राहते. ही कविता १९४२ मध्ये, फ्रान्स नाझींच्या ताब्यात असताना, गुप्तपणे छापली गेली आणि ब्रिटिश विमानांनी तिच्या प्रती फ्रान्सवर टाकल्या. वहीवर, झाडावर, वाळूवर, राखेवर मी तुझे नाव लिहितो असे कवी कडव्यामागून कडव्यात सांगत जातो आणि ते नाव कोणाचे हे अगदी शेवटच्या शब्दात कळते. जिथे पदपथावरच्या फरशीवर आपले नाव कोरले जावे यासाठी माणसे आयुष्य पणाला लावतात, त्या शहरात ही कविता एका भाजलेल्या मुलीने पुटपुटावी, यात पटकथाकाराचे खरे कौशल्य आहे. ब्रूस वॅग्नर हे ते पटकथाकार. त्यांनी एकेकाळी लॉस एंजेलिसमध्ये लिमोझिन चालवलेली आहे, आणि रॉबर्ट पॅटिन्सन यांनी केलेला लेखक-नट होऊ पाहणारा लिमोझिनचालक त्यांच्याच अनुभवातून आलेला दिसतो. गंमत अशी की, क्रोननबर्ग यांच्या २०१२ च्या चित्रपटात पॅटिन्सन जवळजवळ सबंध वेळ लिमोझिनच्या मागच्या आसनावर बसून होते. येथे त्यांना पुढे चाकामागे बसवले आहे.

क्रोननबर्ग हे टोरांटोचे. माणसाची माशी होताना दाखवणाऱ्या दिग्दर्शकाकडून प्रेक्षक शरीराच्या विटंबनेची अपेक्षा करतो, पण येथे ते हात आखडता घेतात. छायालेखक पीटर सुशित्स्की यांचा प्रकाश भगभगीत, सावल्या नसलेला आहे, आणि काचेच्या भिंतींची ती घरे कोणीच राहत नसल्यासारखी स्वच्छ दिसतात. दोन माणसे समोरासमोर बसून बोलत असली तरी कॅमेरा बहुतेकदा एका वेळी एकालाच चौकटीत घेतो. नवरा-बायको, आई-मुलगा, मालकीण-नोकराणी, कोणीही असो, प्रत्येक जण आपापल्या चौकटीत एकटा. ही गोष्ट लक्षात आल्यावर मी मुद्दाम पाहू लागलो, आणि जेव्हा खरोखरच दोघे जण एका चौकटीत जवळ येतात तेव्हा बहुधा काहीतरी वाईट घडणार असते. हॉवर्ड शोअर यांचे संगीत याच संयमाला धरून आहे. कुठे रडावे, कुठे घाबरावे, हे ते सांगत नाही.

आता दोषांकडे. पटकथा मुळात १९९० च्या दशकात लिहिलेली आणि मग वर्षानुवर्षे पडून राहिलेली आहे, आणि ते जाणवते. नव्या काळातली नावे आणि ट्विटरचे उल्लेख वरून शिंपडले आहेत, पण प्रसिद्धीची जी कल्पना या चित्रपटात आहे ती अजून मोठा पडदा, मोठी निर्मिती संस्था, मोठा बंगला अशीच आहे. उपवन तलावाच्या काठी संध्याकाळी रील काढणाऱ्या पोरापोरींकडे आणि चौकाचौकांत वाढदिवसाच्या फ्लेक्सवर झळकणाऱ्या चेहऱ्यांकडे पाहिले तर प्रसिद्धी आता किती स्वस्त आणि घरगुती झाली आहे हे कळते, आणि त्याविषयी या चित्रपटाला काहीच म्हणायचे नाही. पार्ट्यांतल्या तरुण नटांच्या गप्पा, एकमेकांवरचे शेरे, आध्यात्मिक गुरूंची थट्टा, हा सगळा भाग आधी अनेकदा पाहिलेला आहे. जॉन क्युसॅक यांच्या स्टॅफर्डला तर लेखकाने थट्टेपलीकडे फारसे काही दिलेले नाही. मालिशच्या दृश्यांत तो बोलतो ते वाक्य दुसऱ्या कोणत्याही ढोंगी बाबाच्या तोंडी चालले असते. भुते पहिल्यांदा येतात तेव्हा दचकायला होते, पण तीन-चार पात्रांना आपापली भुते दिसू लागल्यावर ती पटकथेची सोय वाटू लागतात. आणि शेवटाकडे आगीचे जे दृश्य आहे, ज्यावर एका पात्राची सगळी शोकांतिका उभी आहे, तिथल्या संगणकावर रंगवलेल्या ज्वाळा इतक्या खोट्या दिसतात की डोळ्यांत पाणी येण्याऐवजी कपाळावर आठी येते. इतक्या काटेकोर दिग्दर्शकाने ते तसेच राहू दिले याचे आश्चर्य वाटले.

चित्रपट संपल्यावर आमच्यात सरळ दोन तट पडले. एकाचे म्हणणे असे की, यात एकही माणूस प्रेम करण्याजोगा नाही, मग दोन तास त्यांच्या सोबतीने का काढायचे. ताई मात्र ठामपणे म्हणाल्या की, त्या मुलाचे वागणे सोडून बाकी काहीही त्यांना अतिशयोक्त वाटले नाही. मी ताईंच्या बाजूचा आहे, फक्त पार्ट्यांचा आणि बाबागिरीचा भाग वगळून.

हा चित्रपट मुलांबरोबर पाहण्याचा मुळीच नाही. भाषा अत्यंत शिवराळ आहे, उघड लैंगिक दृश्ये आहेत, एका कुत्र्याला आणि काही माणसांना भयंकर रीतीने मरताना दाखवले आहे, आत्मदहन आणि आत्महत्या आहे, आणि नात्यांतल्या निषिद्ध संबंधांचा विषय कथेच्या मुळाशी आहे. मन आधीच खचलेले असेल तर तो पुढे ढकलावा. पाहायचाच असेल तर इंग्रजी उपशीर्षके चालू ठेवावीत, कारण बेंजी आणि त्याचे मित्र बोलतात ते नुसत्या कानांनी पकडणे अवघड आहे. लांबी दोन तासांना काही मिनिटे कमी आहे, आणि पहिला अर्धा तास तुटक वाटला तरी धीर धरावा; हवानाचा तो नाच येईपर्यंत सगळे धागे एकमेकांत अडकलेले असतात.